वंशावळ शोधून देणं: पूर्णवेळ व्यवसाय होऊ शकतो का?

निवांत_पाटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी ग्रंथपाल आहे. हौस म्हणून मोडीचा वर्ग केला, परीक्षाही दिली. ही बातमी नातेवाइकांत पसरली आणि घरचे जुने कागद पिशव्यांतून माझ्याकडे यायला लागले. कुणाला पणजोबांच्या मागची नावं हवीत, कुणाला कुलवृत्तांताच्या (घराण्याच्या छापील इतिहासाच्या) नव्या आवृत्तीत आपली शाखा जोडायची आहे, कुणाला जात पडताळणीसाठी वंशावळ हवी. आत्तापर्यंत सगळं 'ये गं जेवायला एकदा' या दरानं केलं. आता वाटतंय की नोकरी सोडून हेच करावं, आणि जोडीला लोकांना आपापल्या घराण्याचा इतिहास शोधायला शिकवावं.

नवरा म्हणतो, लोकांना खापरपणजोबा हवे असतात, पण फुकटात. सासूबाई म्हणतात, कर की, पण आधी आपल्या घराची पुरी कर.

इथे कुणी हे काम पोटासाठी करतं का? काम येतं कुठून? पैसे कसे लावायचे? आणि शिकवण्यात काही सुटतं का, की तो निव्वळ परोपकार?

उनाड_चिंतू

आमच्याकडे एक गृहस्थ यायचे. आगाऊ पैसे घेऊन वंशावळ थेट शिवकाळापर्यंत नेऊन द्यायचे. गल्लीतल्या प्रत्येकाचा मूळ पुरुष सरदार निघाला. तेव्हापासून एक शंका आहे, सगळेच सरदार होते तर नांगर कोण धरत होतं?

बाकी धागा छान. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

रुमालवाला

घर चालतं, पण तुम्ही ज्या कामाच्या प्रेमात आहात त्यावर नाही.

गेली बरीच वर्षं हेच करतोय, निम्मा वेळ शोध आणि निम्मा वेळ शिकवणी, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

येणाऱ्या कामाचे ढोबळ तीन ढीग असतात. सगळ्यात मोठा दाखल्यांचा, म्हणजे जात प्रमाणपत्र आणि पडताळणी. दुसरा जमीन आणि वारस. तिसरा कुलवृत्तांताचा, हौसेचा. हा तिसरा ढीग सगळ्यात लहान, आणि आपण सगळे या धंद्यात आलो ते त्याच्याच नादानं.

पहिल्या ढिगात अर्जदाराला मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या त्या प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेच्या, आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या नोंदी काढायच्या: शाळेचं जनरल रजिस्टर, कोतवाल बुक (गाव नमुना १४, जन्म-मृत्यूचं), जुने फेरफार, हक्कनोंदी. जुन्यातल्या बऱ्याच मोडीत. २०२३ साली न्या. शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्याचा फोन खाली ठेवायची सोय नव्हती. मराठवाड्यात तर मोडीबरोबर उर्दू वाचणाराही हवा होता. असे पूर येतात आणि ओसरतात. पुराकडे बघून नोकरी सोडू नका.

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं, नाव सापडलं की काम झालं. नाव सापडणं हा सोपा भाग. कोतवाल बुकात 'राणू बिन सटवा', म्हणजे सटवाचा मुलगा राणू, सापडला. अर्जदार खूश, हाच माझा पणजोबा! कशावरून? एका गावात, एकाच आडनावात, एकाच वेळी दोन-तीन राणू असणं अगदी नेहमीचं. मग त्याच राणूचा जमिनीचा गट कोणता, तो मेल्यावर वारस म्हणून फेरफाराला कोण लागलं, शाळेत मुलाच्या बापाचं नाव काय सांगितलं होतं, हे सगळं एकमेकांवर बसवायचं. दोन पिढ्यांमधला सांधा सिद्ध झाला तर काम झालं. पडताळणीतलं दक्षता पथक नेमकं तिथेच बोट ठेवतं. गिऱ्हाईक नावासाठी येतं, आपण सांध्याचे पैसे घेतो. हे त्याला पहिल्या भेटीत नीट समजावून सांगता आलं तर धंदा टिकतो, नाहीतर रोज वाद.

सातबारा

रुमालवालांशी तीव्र सहमत. मी दिवाणी वकिली करतो, त्यामुळे दुसऱ्या ढिगाबद्दल लिहितो.

वाटपाच्या दाव्यात दावापत्राला वंशावळ जोडावीच लागते आणि निम्मे खटले तिथेच अडकतात. आम्हाला नुसती नावं पुरत नाहीत, माणूस मेला कधी ते लागतं. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. आजोबा त्याच्या आधी गेले की नंतर, यावर हिस्सेच बदलतात. आता बघा, ग्रामीण भागात १९५० च्या सुमाराचा मृत्यू म्हणजे घरात कुणाला तारीख आठवत नाही, 'दुष्काळाच्या वर्षी गेले' इतकंच. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा, अंमल १ एप्रिल १९७० पासून. त्याआधीचं कोतवाल बुक टिकलं असेल तर नशीब. नसेल तर फेरफाराची तारीख, पण वारस नोंद मृत्यूनंतर दहा वर्षांनीही घातलेली असते.

दुसरी गोष्ट. २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानं सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सेदार) झाली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याची गरज नाही. त्यामुळे आता आम्हाला मुलींच्या शाखा हव्या असतात, आणि घरोघरच्या वंशावळींत नेमक्या त्याच गाळलेल्या.

निवांत_पाटी ताई, एक फुकटचा सल्ला: लिप्यंतराखाली तुमची सही असेल तर कोर्टात साक्षीला यावं लागेल हे धरून चाला. कुठल्या कार्यालयात कुणाचं लिप्यंतर चालतं तेही आधी विचारून घ्या, गावागणिक रिवाज वेगळा.

आज्जीची_पेटी

बरं झालं कुणीतरी मुलींचा विषय काढला. आमच्या घराण्याची वंशावळ छान लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावली आहे. आठ पिढ्या, एकही बाई नाही. पुरुष पुरुषांनाच झाले बहुतेक.

आमच्या आजीचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं वेगळं, आणि सगळे हाक मारायचे ती तिसरीच. तिच्या माहेरचा माग काढायचा तर सुरुवात कुठून करावी?

रुमालवाला

@आज्जीची_पेटी, बाईचा माग बाईच्या कागदात क्वचित मिळतो, आजूबाजूच्या पुरुषांच्या कागदात मिळतो. कुलवृत्तांतांनी एक चांगलं केलंय, बऱ्याच जणांनी पत्नीचं माहेरचं नाव-आडनाव आणि मुलीचं सासर छापलं आहे. म्हणून आजीच्या सासरच्या नव्हे, माहेरच्या घराण्याचा कुलवृत्तांत धरा. तो नसेल तर लग्नपत्रिका, स्त्रीधनाची यादी, वडिलांच्या मृत्यूनंतरचं हक्कसोडपत्र. बहिणींनी हक्क सोडल्याचा फेरफार म्हणजे तर मेजवानी, सगळ्या बहिणी सासरच्या नावागावासकट एका पानावर. ज्या कागदानं तिचा हक्क गेला त्याच कागदात तिचं नाव राहिलं, काय बोलणार.

आणि जुन्या मोडी नोंदीत 'सखू कोम राणोजी' दिसलं तर दचकू नका. तिथे 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. ही जात समजून अर्ज भरलेले महाभाग पाहिले आहेत.

अटलांटिकपल्याड

मी अमेरिकेत असतो, तिथलं चित्र सांगतो. तिथे हा रीतसर व्यवसाय आहे. बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जिनिऑलॉजिस्ट्स ही संस्था १९६४ पासून आहे. परीक्षा म्हणजे पेपर नाही, तुम्ही केलेल्या कामाची फाइल पाठवायची, परीक्षक ती तपासतात, आणि प्रमाणपत्राचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. व्यावसायिकांची वेगळी संघटना १९७९ पासून आहे. ब्रिटनमध्ये स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

रुमालवाला ज्याला सांधा म्हणतात त्याची तिथे पाच कलमी कसोटीच आहे: शोध शक्य तितका सगळीकडे घेतलेला असावा, प्रत्येक विधानाचा आधार नोंदलेला असावा, पुरावे एकमेकांशी ताडून पाहिलेले असावेत, विसंगती असेल तर ती सोडवलेली असावी, आणि निष्कर्ष लेखी, कारणांसह. पाचापैकी एक जरी लंगडं असलं तरी 'सिद्ध' म्हणायचं नाही.

आपल्याकडे असं काही का नाही?

उनाड_चिंतू

कारण आपल्याकडे 'आमच्या आजोबांनी सांगितलंय' ही एककलमी कसोटी आहे.

रुमालवाला

चिंतूशेठ, हसलो, पण आजोबांचं सांगणं अगदीच टाकाऊ नाही. कोल्हापूर-सांगली-सोलापूर पट्ट्यात हेळवी घरोघर येऊन वंशावळ म्हणून दाखवतात, शाखा कुठून कुठे गेली तेही सांगतात. त्यांची पोथी हा पुरावा नव्हे, पण शोध कुठल्या गावात घ्यायचा ते कळतं. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या त्याहून भक्कम, कारण तिथे येणाऱ्यानं स्वतः आपली, भावांची, मुलांची नावं सांगितलेली असतात, पुष्कळदा खाली सही. फक्त लक्षात ठेवा, गावावरून आणि जुन्या आडनावावरून विचारायचं. शहरात येऊन घेतलेलं आडनाव सांगितलंत तर वही निघणार नाही. हिंदू तीर्थक्षेत्रांच्या अशा वह्यांच्या पानांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावरही आहेत, घरबसल्या डोळे फोडून घ्यायचे असतील तर.

अटलांटिकपल्याड, ती पाच कलमं माझ्या वर्गात भिंतीवर आहेत. आपल्याकडची मेख वेगळी आहे, नावांची. वर्गात मी पहिल्याच दिवशी पेशव्यांचं घर काढतो, कारण सगळ्यांना वाटतं ते आपल्याला पाठ आहे. बाळाजी विश्वनाथ, त्यांचा मुलगा बाजीराव बल्लाळ, त्याचा मुलगा बाळाजी बाजीराव, त्याचा मुलगा माधवराव बल्लाळ. बल्लाळ म्हणजे बाळाजीच. आता सांगा, 'बाजीराव बल्लाळ' आणि 'माधवराव बल्लाळ' यांतला बल्लाळ एकच का? नाही. पहिल्यातला आजोबा, दुसऱ्यातला त्याचा नातू. पुढे माधवराव नारायण, तो पहिल्या माधवरावांचा पुतण्या. ज्या घराच्या प्रत्येक माणसावर पुस्तकं आहेत तिथे ही गत. तुमच्या-आमच्या घरी आजोबांचं नाव नातवाला ठेवत ठेवत पाच पिढ्या दोनच नावांत संपल्या असतील, तर एक पिढी गळली की दोन वाढल्या हे कागदाशिवाय कोण सांगणार?

दत्तक ही दुसरी मेख. दुसऱ्या बाजीरावानं १८२७ साली नानासाहेबांना दत्तक घेतलं, ते आपल्याला माहीत आहे कारण १८५७ घडलं. तुमच्या पणजोबांच्या दत्तकाची बखर कुणी लिहिली नाही. अचानक बापाचं नाव बदललं, किंवा एका भावाची जमीन वेगळ्याच गावात दिसली, की दत्तकपत्र शोधायचं.

निवांत_पाटी

किती छान लिहिताय सगळे! वाचनखूण साठवली, माझाच धागा असून.

रुमालवाला सर, दोन शंका. दर कसा ठरवता? आणि शिकवण्याचं राहिलं.

रुमालवाला

आकडा इथे टाकत नाही. अक्षर न बघता आकडा सांगणाऱ्याकडे तुम्हीही जाऊ नका. पद्धत सांगतो. लिप्यंतर पानावर, पान आधी बघून. सरकारी कारकुनाचं वळणदार मोडी आणि घाईत खरडलेली घरगुती चिठ्ठी, यांचा दर एक असूच शकत नाही. शोधाचे पैसे मात्र वेळेवर, आणि टप्प्यानं. पहिला टप्पा लहान: घरी काय आहे ते बघणं, गाव आणि जुनं आडनाव नक्की करणं, कुठल्या दफ्तरात काय मिळायची शक्यता आहे याचा दोन पानी अहवाल. तेवढ्यावर थांबायची मुभा गिऱ्हाइकाला असते. बरेच थांबतात. थांबू दे.

आणि कागदावर लिहून द्या की पैसे शोधाचे आहेत, सापडण्याचे नाहीत. 'अमुक रजिस्टर अमुक सालापासून अमुक सालापर्यंत पाहिलं, नोंद नाही' हासुद्धा निकाल आहे आणि त्याचं बिल होतं. हे पटवणं या व्यवसायातलं सगळ्यात अवघड काम, मोडीपेक्षा अवघड. 'सापडलं तर देतो' या अटीवर काम घेतलंत की एक दिवस गिऱ्हाईक हळूच म्हणेल, थोडं जुळवून घ्या ना. खाडाखोड केलेला, नव्या शाईनं 'जुना' केलेला कागद घेऊन येणारेही असतात. तिथे वाचायलाच नकार द्यायचा. तुमची सही हेच तुमचं दुकान.

शिकवण्याबद्दल. मोडी शिकवणारे बरेच आहेत, पुरातत्त्व-पुराभिलेखाची खाती, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, विद्यापीठं. त्यात तुम्ही एक भर कशाला? मोडी येणारा माणूस आणि घराण्याचा शोध घेता येणारा माणूस यात फरक आहे. मुळाक्षरं महिन्याभरात येतात. नंतर खरा कागद समोर आला की वर्ग निम्मा होतो. शिरोरेघ आधी ओढलेली, शब्द न तोडता सलग लिहिलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, आणि मौ॥, प॥, रा॥, बि॥ असल्या संक्षेपांचा सडा. त्या टप्प्यावर लोकांना धरून ठेवणारं शिक्षण कमी आहे. तिथे जागा आहे.

एक नमुना देतो, म्हणजे कशाबद्दल बोलतोय ते कळेल. समजा पत्रावर आहे: 'छ १२ जमादिलाखर, सु॥ इसन्ने सबैन मया व अलफ'. बहुतेक जण इथे पान उलटतात. 'सु॥' म्हणजे शुहूर सन. आकडे अरबी आणि एककापासून सुरू: इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७२. शुहूर वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. जून ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतर मृगापर्यंत ६००. म्हणजे हे साल १७७१-७२. आता महिना. 'छ' म्हणजे चंद्र, हिजरी तिथी. जमादिलाखर त्या साली साधारण सप्टेंबरात येतो, म्हणजे पत्र सप्टेंबर १७७१ चं. थोरल्या माधवरावांच्या शेवटच्या वर्षांतलं. माझ्या वर्गात हे गणित प्रत्येकाकडून पाटीवर करून घेतो. शके असेल तर ७८ मिळवा, ते कुणालाही येतं. फसली (महसुली सन) आणि शुहूर यांची गल्लत झाली की मात्र माणूस नऊ-दहा वर्षं इकडचा तिकडे जातो आणि मुलगा बापाच्या आधी जन्मतो.

शिकवण्यातून थेट सुटतं ते बेताचंच. पण वर्गाला येणारा माणूस तीन महिन्यांनी म्हणतो, सर, हे मला झेपणार नाही, तुम्हीच करा. माझं हौसेचं काम जवळपास सगळं वर्गातूनच येतं. आणि त्याला काय मागायचं, किती वेळ लागतो, 'नाही' म्हणजे काय, हे आधीच ठाऊक असतं. असं गिऱ्हाईक जाहिरात करून मिळत नाही.

कोकणी_वाट

सर, पुण्याच्या पेशवे दफ्तरात सामान्य माणसाच्या घराण्याचं काही मिळतं का? की सरदार-इनामदारांचंच?

रुमालवाला

सर्वसामान्य रयतेचं क्वचित. वतन, इनाम, फौज, देवस्थान, सावकारी यांतल्या कशाशी घराचा संबंध असेल तर मिळतं. एक भाबडी समजूत असते की दफ्तर आडनावांनुसार लावलेलं आहे. नाही. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी अशा प्रकारांनी रुमाल (कागदांची कापडी गाठोडी) बांधलेले आहेत, म्हणजे राज्यकारभाराच्या सोयीनं, तुमच्या नव्हे. सरदेसायांनी १९३० ते ३४ मध्ये निवडक कागदांचे ४५ खंड छापले, आधी त्यांच्या सूच्या चाळा.

घराण्यांसाठी माझा आवडता साठा इनाम कमिशनचा. १८५२ च्या अकराव्या कायद्यानं कंपनी सरकारनं इनामदारांना विचारलं, इनाम कुठून आलं ते सिद्ध करा. मग प्रत्येकानं कैफियत (आपली बाजू मांडणारं लेखी निवेदन) दिली आणि कैफियतीत वंशावळ. तीही तपासूनच घ्यायची बरं का. इनाम वाचवायला निघालेला माणूस गैरसोयीचा चुलतभाऊ विसरतो. त्याच भावकीतल्या दुसऱ्या शाखेची कैफियत मिळाली तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा, करमणूक आणि पुरावा दोन्ही. वतनाच्या भांडणातले महजर (गोतसभेच्या निर्णयाचे कागद) आणि निवाडे तसेच. आपले लोक भांडले म्हणून आपला इतिहास टिकला.

सागरपार

मराठी वाचता येतं, लिहिताना चुकलं तर माफ करा. आम्ही मॉरिशसचे मराठी. पणजोबांचे आजोबा कोकणातून ऊसमळ्यावर आले. इथे मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची (करारावर आणलेल्या मजुरांची) रजिस्टरं आहेत, त्यात त्यांचा क्रमांक, जहाज, बापाचं नाव मिळालं. गावाच्या नावाचं स्पेलिंग मात्र कुठल्याच नकाशात नाही. कुणी मदत करेल?

रुमालवाला

@सागरपार, नक्की. व्यक्तिगत निरोपातून त्या पानाचा फोटो पाठवा, पूर्ण पानाचा, फक्त तुमच्या ओळीचा नको. त्याच जहाजातून उतरलेल्या वरच्या-खालच्या लोकांची गावं एकाच टापूतली असू शकतात. त्यांतलं एक जरी नीट वाचता आलं तरी तालुका कळतो. कारकुनानं कानाला जसं लागलं तसं लिहिलंय, तेव्हा स्पेलिंग डोळ्यांनी वाचू नका, मोठ्यानं म्हणून बघा. कोकणातल्या कुणाला तरी ऐकवा.

निवांत_पाटी, बघा, हाही एक ढीग आहे, चौथा. मॉरिशस, इस्रायलला गेलेले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू (पेणकर, रोहेकर, किहीमकर, गाव आडनावातच आहे), वसई-गोव्याकडचे ख्रिस्ती, ज्यांच्या चर्चच्या बाप्तिस्मा वह्या असतात. या मंडळींना शोधाचे पैसे द्यावे लागतात हे मान्य असतं.

उनाड_चिंतू

एवढा खटाटोप कशाला? थुंकी पाठवायची, डीएनए अहवाल घरपोच.

अटलांटिकपल्याड

चिंतू, अहवालात पूर्वजांची नावं नसतात, सेंटीमॉर्गन असतात, म्हणजे दोघांचा डीएनए किती जुळतो त्याचं माप. सख्ख्या चुलतभावाशी सरासरी साडेआठशेच्या आसपास जुळतात. पण तुमचा चुलतभाऊ त्या कंपनीच्या साठ्यात असला तर ना! तिथे बहुतेक गोरी मंडळी. शिवाय मामाच्या मुलीशी लग्न होत आलेल्या घरांत आकडे फुगतात, दूरचा भाऊ जवळचा दिसतो. आणि साठा सुरक्षित राहील याची खात्री कोण देणार? २०२३ मध्ये ट्वेन्टी-थ्री-अँड-मी या डीएनए चाचणी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती फुटली, २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. दत्तक गेलेल्यांना, बाप माहीत नसलेल्यांना चाचणीचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण कागदाच्या जोडीला.

आज्जीची_पेटी

यावरून आठवलं. शोधताना नको ते निघालं तर? म्हणजे गिऱ्हाइकाच्या आजोबांचं दुसरं घर वगैरे. सांगता का?

सातबारा

वारसाचा प्रश्न असेल तर सांगावंच लागतं, लपवलंत तर उद्या तेच विरुद्ध पक्ष आणतो.

रुमालवाला

मी काम घ्यायच्या आधीच विचारतो, 'गैरसोयीचं निघालं तर कळवू का, आणि कुणाला?' उत्तर लेखी घेतो. हयात माणसांबद्दलचं काही वर्गात किंवा छापील कुलवृत्तांतात जाऊ देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. पण खोटं लिहून देत नाही. गाळणं आणि बदलणं यात फरक आहे.

इथे सातबारांशी माझा जरा मतभेद. वकिलाला गिऱ्हाइकाची बाजू असते. आम्हाला बाजू नसावी. एकदा का 'हा आपला माणूस' अशी ओळख झाली की दुसऱ्या पक्षाच्या घरचा कागद बघायला मिळत नाही, आणि निम्मा पुरावा तिथेच असतो.

सातबारा

मान्य. पण मग साक्षीला बोलावलं की कुरकुर करू नका. :)

निवांत_पाटी

नवऱ्याला अख्खा धागा वाचायला दिला. 'सापडलं नाही याचं बिल' या वाक्यावर तो थांबला आणि म्हणाला, हे जमलं तर सोड नोकरी. तूर्त सोडत नाही. आधी शनिवार-रविवार काम, सोमवारी ग्रंथालय. आणि पहिला वर्ग आमच्याच ग्रंथालयात घ्यायची परवानगी मागितली आहे. नाव 'मोडी वर्ग' नाही, 'आपल्या घराण्याचा शोध'. प्रत्येकानं घरचा एक कागद आणायचा. सर, त्यांना आधी काय सूचना देऊ?

रुमालवाला

उत्तम. सूचना फार नकोत. कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, घड्या जबरदस्तीनं उलगडू नका. आणायला भीती वाटली तर फोटो आणा, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश नको, चारही कडा दिसल्या पाहिजेत. आणि पाठीमागचा फोटो हवाच. लोक कोरी बाजू म्हणून सोडतात.

आज्जीची_पेटी

आमच्याकडच्या एका कागदाच्या मागे कुणीतरी गूळ-तुरीचा हिशोब मांडलाय, शाई पसरलेली. तोही काढू?

रुमालवाला

तोच आधी काढा. पुढच्या बाजूला साल नसेल तर मागच्या हिशोबात बहुतेक असतं.